पाणी दाराशी येण्याआधी: घर कधी सोडायचं हे आधी कसं ठरवायचं

सोलापूर जिल्ह्यात सीना नदीकाठी माझ्या मावशीची वस्ती आहे. ओट्याला सात पायऱ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला त्या संध्याकाळी सहाला पाणी दुसऱ्या पायरीला लागलं होतं. मी फोन केला तर मावशीच्या घरचे तात्या म्हणाले, "अजून पाच पायऱ्या वर हायत की. सकाळी बघू." पायऱ्यांचा हिशोब चुकला नव्हता. घरात पाणी शिरलं ते रात्री दोनला. पण वस्तीवरून गावात जायची वाट एका ओढ्यातून जाते, आणि त्या ओढ्यात नदीचं पाणी दुपारी चारलाच उलटं शिरलं होतं. तात्या "सकाळी बघू" म्हणत होते तेव्हा निघायची वेळ टळून दोन तास झाले होते. पाच माणसांनी रात्र स्लॅबवर काढली, दुसऱ्या दिवशी बोटीनं बाहेर आली. दावणीला बांधलेल्या दोन कालवडी गेल्या.

नंतर नदीकाठच्या आणि शहरात नाल्याकाठच्या बऱ्याच घरांत बोललो. चूक सगळीकडे तीच. लोक दारातलं पाणी बघत बसतात, वाटेवरचं कुणी बघत नाही. आणि आपण दुष्काळी भागातले, डोक्यावर ऊन असताना पूर येईल हे मनाला पटतच नाही. म्हणून हा लेख क्रमानं लिहिला आहे. पहिले पाच टप्पे पावसाळ्याआधी, मे महिन्यात उरकायचे. पुढचे त्या दिवशीचे.

१. आपला धोका नेमका कोणता, ते आधी लिहून काढा

सोलापूर जिल्ह्यात सगळ्यांचा पूर एक नाही. भीमाकाठच्या माणसानं उजनी धरणाचा विसर्ग (सोडलेलं पाणी) बघायचा, आणि त्यात नीरेवरच्या वीर धरणाचा मिळवायचा. नीरा नरसिंहपूरला, म्हणजे उजनीच्या खाली, भीमेला मिळते. पंढरपूरला पोचतं ते दोन्हीचं मिळून पाणी. उजनीचा आकडा कमी झाला म्हणून निवांत झालेली माणसं वीरच्या पाण्यानं गाठलेली आहेत.

सीनाकाठच्या माणसाला उजनीच्या आकड्याचा फारसा उपयोग नाही. तरी मोबाईलवर "उजनीतून एवढं सोडलं" हाच मेसेज सगळीकडे फिरतो आणि करमाळा, माढा, मोहोळची माणसं तोच वाचून अंदाज बांधतात. सीनेचं पाणी अहिल्यानगर, बीड, धाराशिवकडून येतं. तुम्ही बघायचं ते सीना-कोळेगाव, चांदणी आणि खासापुरी या प्रकल्पांचं. शिवाय सीना पुढं हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते. भीमा फुगलेली असेल तर सीनेच्या पाण्याला पुढं जायला वाव राहत नाही, ते मागं तटतं. दक्षिण सोलापुरातल्या खालच्या गावांनी म्हणून दोन्ही नद्या बघायच्या. अक्कलकोटकडे बोरी आणि कुरनूर धरण.

शहरात वेगळी तऱ्हा. हिप्परग्याचा एकरुख तलाव भरून सांडव्यावरून वाहायला लागला की आदिला नदीला पाणी येतं, आणि शेळगीसारख्या नाल्याकाठच्या भागात दोन तासांच्या मुसळधार पावसात घरात गुडघाभर पाणी होतं. नदीचा पूर सांगून येतो, नाल्याचा येत नाही.

चौथा धोका आपल्याकडे कुणी धोका म्हणून मोजतच नाही: मातीची भिंत. माळवदाची (सपाट मातीच्या छताची) घरं, भेंड्यांच्या (कच्च्या मातीच्या विटांच्या) भिंती, दगडमातीचे जुने वाडे. नदी दहा किलोमीटर लांब असली तरी आठ दिवसांच्या झडीत भिंत अंगावर येते. पाचवा धोका आगीचा, विशेषतः माग आणि राहणं एकाच छपराखाली असलेल्या घरांत.

एका कागदावर लिहा: आमच्या घराला यातले कोणते लागू. बहुतेक घरांना दोन तरी निघतील.

*तपासा:* तुमचं घर पूररेषेत आहे का, हे ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा जलसंपदा विभागाच्या कार्यालयात नकाशावर बघता येतं. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. "शंभर वर्षांतून एकदा" म्हणजे मागच्या वर्षी येऊन गेला की आता निर्धास्त, असा त्याचा अर्थ नाही. तो लागोपाठ दोन वर्षंही येऊ शकतो.

२. वाट चालून बघा, सगळ्यात खोलगट जागा शोधा

कोरड्या दिवसात घरापासून मुक्कामाच्या जागेपर्यंत पायी चालत जा. गाडीवरून चढउतार कळत नाही. वाटेत सगळ्यात खाली असलेली जागा शोधा. ती ओढ्यावरची फरशी (बुटका पूल) असेल, मोरी असेल, उसाच्या दोन फडांमधली गाडीवाट असेल. तुमचं घर कधी सोडायचं हे ती जागा ठरवणार आहे. मावशीकडे ओट्याची पाचवी पायरी आणि ओढ्यातली वाट यांच्यात तब्बल सहा-सात फुटांचा फरक निघाला. तीस वर्षं त्या वाटेनं येजा करून कुणाला तो माहीत नव्हता.

कोल्हापुरी बंधाऱ्यावरून जाणारी वाट ही वाटच धरू नका. बंधारा पाण्याखाली जातो तो सगळ्यांच्या आधी, आणि वरून पाणी वीतभर दिसत असलं तरी खाली ओढ जबर असते. मोठे पूलही कायम उघडे राहतील असं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये लांबोटीला सीनेच्या पाण्यामुळे सोलापूर-पुणे महामार्ग बंद ठेवावा लागला होता. मंगळवेढ्याच्या वाटेवर तिऱ्हे, विजयपूरच्या वाटेवर वडकबाळ, हे पूलही त्याच सीनेवर आहेत. दवाखाना, पाहुण्यांचं गाव, जनावरांचा चारा यातलं काही पुलापलीकडे असेल तर मुक्कामाची जागा पुलाच्या अलीकडची निवडा.

दुसरी वाट शोधाच. लांबची असली तरी चालेल, चढाची पाहिजे.

*तपासा:* ठरवलेला मुक्काम (जिल्हा परिषदेची शाळा, मंगल कार्यालय, पाहुण्यांचं घर) खरोखर उंचावर आहे का? रात्री त्याची किल्ली कुणाकडे असते? पावसात, पोरंबाळं घेऊन कुलपापुढं तासभर उभं राहिलेली माणसं मी बघितली आहेत.

३. खूण करा

आता लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि त्याला अर्धा डबा ऑइलपेंट पुरतो.

वाटेतल्या त्या खोलगट जागेजवळ एखादा विजेचा खांब, मोरीचा कठडा किंवा बाभळीचं खोड बघा. वाट पाण्याखाली जाते ती पातळी म्हणजे लाल खूण. लाल खुणेला पाणी लागलं की वाट संपली. तिच्याखाली पुरेसं अंतर ठेवून पिवळी खूण करा. पिवळ्या खुणेला पाणी लागलं की निघायचं. थांबून बघायचं नाही, चर्चा नाही, चहा नाही.

पिवळी खूण किती खाली? त्यासाठी दोन गोष्टी लागतात. पहिली, तुमच्या घराला निघायला किती वेळ लागतो. याचा अंदाज करू नका, घड्याळ लावून एकदा खरंच निघून बघा. तरण्या नवरा-बायकोला वीस मिनिटं लागतील. अंथरुणावरची आज्जी, दोन जर्शी गाई, शेरडं आणि एकच मोटारसायकल असलेल्या घराला अडीच तास सहज लागतात. दुसरी गोष्ट, पाणी चढायचा वेग. हा त्या-त्या दिवशी काठी रोवून मोजायचा. काठीवर बोटाबोटावर रेघा मारा आणि दर अर्ध्या तासानं वाचा.

मग हिशोब सरळ आहे. समजा पाणी लाल खुणेच्या ३ फूट, म्हणजे ३६ इंच खाली आहे आणि अर्ध्या तासात ४ इंच चढतंय. तासाला ८ इंच. वाट बंद व्हायला साडेचार तास. तुम्हाला निघायला २ तास लागतात. त्याची दुप्पट धरा, ४ तास. म्हणजे तुमच्या हातात उरला फक्त अर्धा तास, आणि त्या अर्ध्या तासात घरच्यांना गोळा करायचं. दुप्पट कशाला, असं विचारतात. ट्रॅक्टर सुरू होत नाही, गाय उधळते, पोरगं शाळेतून यायचं असतं, म्हणून. मागच्या पुराचे आकडे हाताशी नसतील तर पिवळी खूण लाल खुणेच्या निदान दोन हात खाली ठेवा. पहिल्या पुरात चार तास आधी निघालात तर बिघडत काही नाही.

*सावध:* हा हिशोब पाणी एका चालीनं चढतंय तोवरच खरा. वरून धरणाचा विसर्ग वाढवला की पाणी टप्प्यानं उसळतं. विसर्ग वाढवल्याची बातमी आली की काठी विसरा, पिवळी खूण ओलांडली असं समजून निघा.

नाल्याकाठच्या घरांना एवढा वेळच मिळत नाही. तिथं खूण नाल्याच्या काठाच्या एक हात खाली करा, आणि खुणेला पाणी लागलं की घर सोडून शेजारच्या पक्क्या माडीवर जा. शहरात वाहत्या गल्लीतून दूर जाण्यापेक्षा वर चढणं बहुतेक वेळा बरं. पाणी दोन-चार तासांत ओसरतं, आणि गल्लीत उघडी गटारं, झाकण नसलेले चेंबर दिसत नाहीत.

४. शब्द कुणाचा, हे मेमध्येच ठरवा

बहुतेक घरं पाण्यामुळे अडकत नाहीत, भांडणामुळे अडकतात. कर्ता माणूस पुण्याला असतो, फोन लागत नाही, घरातल्या बाईला धोका दिसत असतो पण "त्यांना विचारल्याशिवाय कसं निघायचं?" यात तास जातो. नियम असा करा: घरातल्या कुणाही मोठ्या माणसाला वाटलं निघायला हवं, की सगळ्यांनी निघायचं. थांबायचं असेल तर मात्र सगळ्यांचं एकमत लागेल. उलटं करू नका.

म्हाताऱ्या माणसांचं वेगळं असतं. मावशीच्या सासूबाई म्हणाल्या, "म्या हितंच मरीन, पर घर सोडत न्हाई." त्या घटकेला वाद घालून उपयोग नसतो. आधीच, निवांत वेळी शेजारी बसून विचारा, आज्जी, तुमचा जीव नेमका कशात अडकतो? आज्जींचा जीव देव्हाऱ्यातल्या पितळी देवांत अडकत होता. मूठभर टाक आणि एक बाळकृष्ण. आता ते ठेवायला एक छोटा डबा केलाय आणि निघताना तो आज्जींच्याच हातात द्यायचा असं ठरलंय. गेल्या पावसाळ्याआधी तालीम घेतली तेव्हा सगळ्यांत आधी चपला घालून त्याच ओट्यावर येऊन बसल्या.

आणखी एक नियम, तो मी कुणालाच मोडू देत नाही: निर्णय दिवस मावळायच्या आत. दुपारी चारला बघा. पाणी चढतं असेल, वर पाऊस सुरू असेल, आणि पिवळी खूण रात्रीत गाठली जाईल अशी थोडीही शंका असेल, तर उजेडात निघा. अंधारात खोली कळत नाही, वाट कळत नाही, सापकिरडू कळत नाही.

५. पिशवी

एक पिशवी, दाराजवळच्या खुंटीला. आधार, रेशन कार्ड, पासबुक, सातबारा, पीक विम्याची पावती, जमिनीचे मूळ कागद, सगळं जाड प्लास्टिकमध्ये, तोंड बांधून. त्यांचे फोटो मोबाईलमध्ये आणि बाहेरगावच्या एका नातेवाइकाच्या मोबाईलमध्येही. रोजच्या गोळ्या सात दिवसांच्या. बॅटरी, भरलेली पॉवर बँक, शिट्टी, हजार-दोन हजार रुपये सुट्ट्या नोटांत. दोन दिवसांचं प्यायचं पाणी.

खाण्याचं आपल्याला सोपं आहे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी. दोन्हीला चूल लागत नाही, दोन्ही आठवडाभर टिकतात. बिस्किटांच्या पुड्यांपेक्षा पोट भरतं.

जनावरांच्या कानातल्या बिल्ल्याचे १२ आकडी नंबर कागदावर उतरवून ठेवा आणि प्रत्येक जनावराचा फोटो काढा. पुढं पंचनाम्यात हे लागतं आणि त्या वेळी काही केल्या आठवत नाही.

फोन नंबर कागदावरही लिहा, कारण मोबाईल भिजतो: तातडीची मदत ११२, जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, रुग्णवाहिका १०८, अग्निशमन १०१, महावितरण १९१२, गॅसगळती १९०६. त्याखाली तुमच्या तहसील कार्यालयाचा, पोलीस पाटलांचा आणि तलाठ्यांचा नंबर स्वतः मिळवून लिहा. खरा उपयोग त्या तिघांचाच होतो.

६. इशारा आला: तो वाचायचा कसा

हवामान खात्याचा यलो, ऑरेंज, रेड अलर्ट जिल्ह्यावर असतो. फक्त सोलापूरचा रंग बघून थांबू नका. सीनाकाठी राहत असाल तर अहिल्यानगर, बीड आणि धाराशिवचा रंग बघा. भीमाकाठी असाल तर पुणे जिल्ह्याचा, कारण तिकडचं पाणी दौंडवरून उजनीत उतरतं. सोलापुरात लख्ख ऊन आणि सीना दुथडी, हे आपण डोळ्यांनी बघितलं आहे.

विसर्गाचा आकडा क्युसेकमध्ये येतो. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. १ लाख क्युसेक म्हणजे, दुष्काळात गावात येतो तसा १० हजार लिटरचा टँकर धरला, तर दर सेकंदाला २८० टँकर. पण नुसता आकडा ऐकून घाबरण्यात किंवा "गेल्या टायमाला याच्याहून जास्त होतं" म्हणून निवांत होण्यात अर्थ नाही. तो आकडा तुमच्या खुणेशी जोडायला लागतो. त्यासाठी वही ठेवा. विसर्ग किती, जाहीर किती वाजता झाला, तुमच्या खांबाला पाणी कुठवर आणि किती वाजता आलं. दोन पावसाळ्यांत तुमच्या वहीइतकी अचूक माहिती कुणाकडे नसेल. गावात अशी वही एकानं ठेवली तरी पुरतं.

"धरण फुटलं" असा मेसेज दर पुरात एकदा तरी येतो. आला की पोलीस पाटील किंवा १०७७. खात्री झाली नाही तर? खूण बघा. खुणेला पाणी नाही आणि उजेड आहे, तर जनावरं आणि म्हातारी माणसं आधी हलवून ठेवा, बाकीच्यांनी तयारीत राहा. अफवेवर पळापळ करू नका, पण अफवा म्हणून हसण्यावारीही नेऊ नका.

प्रशासनानं "घरं सोडा" असं दवंडीनं किंवा भोंग्यावरून सांगितलं तर स्वतःचा हिशोब बाजूला ठेवायचा आणि निघायचं. तुमच्या हिशोबात वरच्या धरणाचं पाणी धरलेलं नसतं.

७. निघतानाचा क्रम

चुका सगळ्यांत जास्त इथं होतात, कारण माणूस आधी सामान माळ्यावर टाकायला लागतो. टीव्ही, गहू, कपाट करता-करता वाट जाते. क्रम असा ठेवा.

पहिलं, बाहेरगावच्या एका ठरलेल्या माणसाला फोन: आम्ही इतके जण, अमुक वाटेनं, तमुक ठिकाणी निघालो. दुसरं, लहान पोरं, गरोदर बाई, आजारी आणि म्हातारी माणसं पहिल्या खेपेला, सोबत एक धडधाकट माणूस आणि ती पिशवी. तिसरं, जनावरं. हाकून नेता येत असतील तर उंचावर न्या. नेता येत नसतील तर दावी सोडा, गोठ्याचं दार उघडं टाका. जनावर पोहतं, वास घेत उंचावर जातं. बांधलेलं मात्र जागच्या जागी बुडतं. तात्यांनी त्या रात्री छातीभर पाण्यात गोठ्याकडं जायचा प्रयत्न केला. दावं ओलं झालं की गाठ आवळते, हातानं सुटत नाही. म्हणून आता गोठ्याच्या मेढीला एक विळा कायम अडकवलेला असतो.

चौथं, वीज. पायाखाली कोरडं असेल आणि हात कोरडे असतील तरच मेन स्विच पाडा, मोटारीचा स्टार्टरही. मीटरपाशी पाणी आलं असेल तर हात लावू नका, महावितरणला कळवून लाइन बंद करून घ्या. पाचवं, गॅसचा रेग्युलेटर बंद करून काढा आणि सिलिंडर उभा बांधून ठेवा. तो पाण्यावर तरंगतो आणि घरभर आपटतो. यानंतर वेळ उरला तर सामान वर.

दाराला कुलूप लावून खडूनं लिहा: "५ माणसं, सगळी बाहेर, शाळेत, दुपारी ४." बोटीतून आलेल्या माणसांचा रिकाम्या घरापुढचा वेळ वाचतो, आणि तो वेळ दुसऱ्या कुणाला मिळतो.

*सावध:* वाहतं पाणी घोट्याच्या वर आलं, म्हणजे सहा इंच झालं, तरी चालता माणूस घसरून पडतो. फूटभर पाण्यात लहान गाडी उचलली जाते, दोन फुटांत जीपसुद्धा वाहून जाते. "आपला ट्रॅक्टर जड हाय, निघतो" म्हणून फरशीवर घालू नका. पाण्याखाली फरशी अजून शाबूत आहे का, हे वरून कुणालाच सांगता येत नाही.

८. खुणेची वाट बघायचीच नाही अशा वेळा

*ओली भिंत.* माळवदाच्या किंवा भेंड्यांच्या घरात झड लागल्याच्या तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळ-संध्याकाळ बॅटरी घेऊन भिंती बघा. भिंतीला पोट आलंय का? कोपऱ्यात उभी भेग पडली आहे का, आणि ती कालपेक्षा रुंद आहे का? (भेगेवर कागदाची पट्टी डकवा. फाटली की भिंत सरकली.) तुळईच्या टोकाशी माती झरतेय का, काल नीट लागणारं दार आज अडतंय का, रात्री कुठं करकर वाजतंय का? यातलं एक जरी दिसलं तर त्या रात्री त्या घरात झोपायचं नाही. माळवदावर माती ओली झाली की तिचं वजन भयंकर वाढतं आणि ते सगळं भिजलेल्या भिंतीवर येतं. भिंतीच्या बाहेरच्या अंगालाही उभं राहू नका. १४ ऑक्टोबर २०२० च्या पावसात पंढरपुरात घाटाची भिंत पडून तिच्या आडोशाला थांबलेली ६ माणसं गेली.

*आग.* १८ मे २०२५ ला अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला पहाटे आग लागली आणि ८ जणांचा जीव गेला. राहणं कारखान्यातच होतं. सोलापुरात खाली माग आणि वर बिऱ्हाड अशी घरं आजही गल्लोगल्ली आहेत. सूत आणि सुताचा बारीक कचरा क्षणात पेटतो, आणि माणूस ज्वाळेआधी धुरानं पडतो. इथं निर्णय करायचाच नसतो. धूर दिसला की ओरडा, वाकून किंवा रांगत बाहेर पडा, मागचं दार ओढून घ्या, बाहेरून १०१. दागिने, मोबाईल, कशासाठीही परत आत नाही. निर्णय आजचा आहे: वरच्या मजल्याला दुसरा जिना किंवा उघडणारी खिडकी आहे का, आणि रात्री शटरला आतून कुलूप घालून किल्ली कुठं ठेवता. सगळ्या खिडक्यांना पक्क्या जाळ्या ठोकलेल्या असतील तर एक जाळी या आठवड्यात उघडती करून घ्या.

*गॅसचा वास.* हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. दिवा लावू नका, चालू असलेला बंदही करू नका, कारण ठिणगी दोन्हीत पडते. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, सगळे बाहेर, मग बाहेरून १९०६.

*भूकंप.* ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंतींनी माणसं गाडली. हादरा थांबला की मोकळ्यावर या आणि भेगा बघितल्याशिवाय आत झोपायला जाऊ नका.

आणि घर *सोडायचं नाही* अशीही वेळ असते. वळवाचा पाऊस, वावटळ, कडाडणारी वीज सुरू असताना पक्क्या घरात असाल तर आतच थांबा. पत्र्याच्या शेडमध्ये राहत असाल तर आभाळ भरून आल्यावरच शेजारच्या स्लॅबच्या घरात जा, पत्रे उडायला लागल्यावर नव्हे.

९. वाट गेली, आपण अडकलो

आता वाहत्या पाण्यात उतरायचं नाही, हे पहिलं. पक्क्या स्लॅबवर चढा. भेंड्यांच्या घराच्या माळवदावर नाही, खाली भिंत भिजून बसते. तसं घर असेल तर पाणी कमरेपेक्षा कमी आणि थबकलेलं असतानाच जवळच्या पक्क्या घराकडं, काठीनं जमीन चाचपत, एकमेकांना धरून जा. वर जाताना प्यायचं पाणी, बॅटरी, शिट्टी, लाल किंवा भगव्या रंगाचं लुगडं घ्या. ११२ ला फोन करून गावाचं नाव, वस्तीचं नाव, किती माणसं, आजारी कोण, एवढंच सांगा. मग लोकेशन एका माणसाला पाठवा आणि फोन बंद ठेवा, तासाला पाच मिनिटं चालू. मावशीच्या फोनमध्ये त्या रात्री नऊ टक्के चार्जिंग उरलं होतं, आणि त्यातलं निम्मं पाहुण्यांच्या "कसं काय हाय?" ला उत्तरं देण्यात गेलं. पाहुण्यांनो, अशा वेळी फोन करू नका. अडकलेल्या माणसाला एकानेच फोन करावा आणि बाकीच्यांनी त्याला विचारावं.

१०. परत कधी जायचं

पाणी उतरलं म्हणजे घर मोकळं झालं असं नाही. वर पाऊस सुरू आहे का, विसर्ग अजून वाढणार आहे का हे विचारून घ्या. २०२५ मध्ये सीनेला सप्टेंबरच्या एकाच आठवड्यात दोनदा पूर आला, आणि पहिल्या पुरानंतर घाईनं गाळ काढायला गेलेल्यांना दुसऱ्यांदा पळावं लागलं. मातीच्या भिंती तर ऊन पडल्यावर, वाळताना ढासळतात. त्यामुळे तशा घरात आत जाण्याआधी बाहेरून चारी अंगांनी फिरून बघा.

आत जाताना काठी हातात, पायात बूट. अंथरुणाच्या घड्या, चुलीचा कोपरा, धान्याची पोती इथं साप बसलेले असतात. वायरमननं बघितल्याशिवाय मेन स्विच चढवायचा नाही. विहीर, बोअर, हौद यांचं पाणी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून आणि उकळूनच प्यायचं.

गाळ काढायच्या आधी फोटो. भिंतीवरचा पाण्याचा डाग, भिजलेलं धान्य, मेलेलं जनावर आणि त्याच्या कानातला बिल्ला, वाहून गेलेला बांध. घर धुऊन पुसून लख्ख केल्यावर पंचनाम्याला आलेल्या माणसाला दाखवायला काही उरत नाही, आणि मग वर्षभर खेटे घालत बसावं लागतं.

आणि तो डाग पुसायच्या आधी त्याच्यावर खिळ्यानं रेघ ओढा, शेजारी तारीख लिहा. मावशीकडे ती रेघ न्हाणीच्या भिंतीवर आहे. तात्यांनी त्यावरून ओढ्याच्या कडेच्या खांबावर पिवळी आणि लाल खूण केली, आणि पिवळीच्या खाली आणखी एक हात सोडून स्वतःच्या मनानं तिसरी, पांढरी खूण केली. ती कशाची, म्हणून मी विचारलं. "ती गाईंची," म्हणाले. "पांढरीला लागलं की आधी गाई न्यायच्या."